नसलेल्या पुस्तकाचं पान सत्तेचाळीस

यवतमाळात कॉलेजसमोरच्या गल्लीत माझं टायपिंगचं दुकान आहे. दुकान म्हणजे दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, स्पायरल करायचं मशीन आणि गिऱ्हाइकाला बसायला एक बाक. गेल्या वीस-बावीस वर्षांत जिल्ह्यातले पुष्कळ मराठीचे प्राध्यापक या बाकावर बसून गेले, म्हणजे प्राध्यापक व्हायच्या आधी. त्यांचे प्रबंध मी टाइप केले. मी स्वतः बी.ए. आहे, तेही सेकंड क्लास. पण एवढं ठामपणे सांगते की या मंडळींपैकी फार थोड्यांनी आपला प्रबंध पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला असेल. मी सगळे वाचले. मला पर्याय नव्हता.

प्रबंधाच्या शेवटी संदर्भसूची असते. ज्या पुस्तकांच्या आधाराने लिहिलं त्यांची यादी : लेखक, पुस्तकाचं नाव, प्रकाशक, गाव, आवृत्ती. ही यादी आमच्याकडे कोणी तयार करत नाही, उतरवून आणतात. आधीच्या माणसाच्या प्रबंधाची झेरॉक्स, तिच्यावर पेनाने दोन-चार नावं खोडलेली, दोन-चार वाढवलेली. एकाने तर लेखकांच्या यादीत ‘तत्रैव’ असं नाव लिहून आणलं होतं. तळटिपेत ‘तत्रैव’ म्हणजे ‘वर सांगितलेल्याच पुस्तकात’. याला वाटलं, हे कोणी मोठे लेखक आहेत आणि ते सगळ्याच विषयांवर लिहितात. मी विचारलं, यांचं पुस्तक कोणतं टाकू? तो म्हणाला, गाइडला विचारून सांगतो. विचारून आला तो आणखी तीन दिवसांनी, आणि ओळ खोडली ती मान वर न करता.

हा पोरगा ज्यांच्या हाताखाली होता, त्या सरांची गोष्ट मला सांगायची आहे.

सर माझ्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा राळेगावला तासिकेवर शिकवत होते. एसटीने यायचे, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत हाताने लिहिलेले कागद. विषय होता शेतातल्या कामाची लोकगीतं. अक्षर सुरेख होतं, हे मान्य करते. मजकूर मात्र ठिगळांचा होता. एका पानावर भाषा संस्कृतच्या शिक्षकाची, पुढच्या पानावर वर्तमानपत्राची. मी तो तसाच उतरवला. माझं काम टाइप करायचं.

शेवटी त्यांनी संदर्भसूचीचे सुटे कागद दिले. अनुक्रमांक घातले नव्हते, ते मीच घालायचे. पहिल्या कागदाच्या तळाशी एका लेखकाचं नाव आणि पुढे पुस्तकाच्या नावाचा पहिला शब्द होता, ‘शेतशिवारातील’. दुसऱ्या कागदाची सुरुवात ‘बोली आणि लोकाचार’ अशी होती आणि पुढे अमरावतीच्या एका जुन्या प्रकाशकाचं नाव. मी सरळ टाइप केलं : ‘शेतशिवारातील बोली आणि लोकाचार’. वाचायलाही बरं वाटलं. प्रिंट झाली, बाइंडिंग झालं, काळ्या पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरं उमटली. मग त्यांची फाइल परत करायला काढली तर प्लॅस्टिकच्या कव्हराला आतून एक कागद चिकटलेला. मधला कागद. त्याच्यावर पहिला शब्द ‘गाणी’, मग सात-आठ पुस्तकं, आणि तळाशी दुसऱ्याच एका लेखकाचं नाव. म्हणजे एका माणसाच्या पुस्तकाचं डोकं आणि दुसऱ्याच्या पुस्तकाचं धड मी जोडून दिलं होतं.

मी सरांना ते सांगितलं. ते पुठ्ठ्यावरच्या आपल्या नावावरून बोट फिरवत होते.

“असू द्या बाई,” ते म्हणाले, “संदर्भसूची कोण पाह्यते?”

मीही असू दिलं. पाच प्रतींचं बाइंडिंग उकलून एकेक पान बदलायचं होतं, मला कंटाळा आला. हे मी लपवत नाही. दुसऱ्यांवर इतकं बोलायचं तर आपलंही सांगावं.

सरांना पदवी मिळाली, पक्की नोकरी मिळाली, काही वर्षांनी ते गाइड झाले. गाइड झाल्याबरोबर त्यांना शिस्तीचं वेड लागलं. शिस्त म्हणजे समास दीड इंच की सव्वा इंच, पुस्तकाचं नाव तिरप्या अक्षरात की ठळक, लेखाचं नाव एकेरी अवतरणात की दुहेरी. देवनागरी अक्षर तिरपं केलं की शिरोरेषा कशी दिसते ते ज्याने पाहिलंय त्यालाच कळेल, पण इंग्रजीत तिरपं करतात ना, मग आपणही करायचं. एकदा त्यांनी कुठल्याशा नियमावलीची मराठी प्रत आणली. तीत लिहिलं होतं, शीर्षकातल्या प्रत्येक मुख्य शब्दाचं पहिलं अक्षर मोठं असावं. मी म्हटलं, सर, हे इंग्रजीसाठी आहे, मराठीत मोठी आणि लहान लिपी नसते. ते म्हणाले, नियम आहे. त्या वर्षी मी तीन प्रबंधांतल्या सगळ्या शीर्षकांच्या प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर सोळा पॉइंटात आणि बाकीची चौदात केली. ती पानं आजही ग्रंथालयात आहेत. परीक्षकांनी शेरा दिला, मांडणी नेटकी.

सरांचे विद्यार्थी माझ्याकडेच यायचे, त्यामुळे मला माझं पुस्तक पुन्हापुन्हा भेटायला लागलं. आधी नुसतं सूचीत. सरांच्या प्रबंधाची झेरॉक्स सगळ्यांकडे होती, तीवरून उतरलेलं. मग एके दिवशी एकाच्या तळटिपेत आलं आणि पुढे होतं ‘पृ. ४७’. माझा हात थांबला. नसलेल्या पुस्तकाला सत्तेचाळिसावं पान कुठून आलं? मी त्याला विचारलं, हे पुस्तक तुम्ही पाहिलं का? तो म्हणाला, सरांनी दिलं. पुस्तक दिलं की नुसतं नाव दिलं, असं विचारल्यावर तो मोबाइलमध्ये बघायला लागला. त्याच्या पुढच्या विद्यार्थिनीने तर त्या लेखकाचं मतच दिलं, तीन ओळींचं, अवतरणचिन्हांत. पुढे सरांचं स्वतःचं पुस्तक छापून आलं, त्यातल्या एका प्रकरणाची सुरुवातच या ग्रंथापासून होती. बाजूच्या जिल्ह्यातले त्यांचे एक मित्र आपल्या लेखात त्याला ‘दुर्मीळ पण महत्त्वाचा’ म्हणाले. तो लेखही मीच टाइप केला.

मला हसू यायचं. नंतर हसू यायचं थांबलं आणि नुसती किळस राहिली. ही माणसं वर्गात उभी राहून पोरांना कॉपी करू नका म्हणून सांगतात. पण खरं सांगायचं तर त्या किळसेतही मला थोडी मजा वाटत होती. एवढे शिकलेले लोक, आणि माझी एक चूक त्यांना पकडता येत नाही. मी गप्प बसून ती मजा घेत राहिले.

मग ती आली.

पुसद तालुक्यातल्या एका तांड्यावरची. आश्रमशाळेत शिक्षिका, वय तेहतीस-चौतीस, लेक पाचवीत. सरांकडेच नाव नोंदवलेलं. विषय होता लेंगी, म्हणजे होळीला तांड्यावर म्हणतात ती गाणी. ती शनिवारी अर्धी शाळा करून निघायची आणि चारच्या सुमारास माझ्या बाकावर येऊन बसायची. टायपिंग तिचं तिने केलं होतं, माझ्याकडे फक्त पानांची मांडणी होती. पहिल्याच दिवशी ती मला काकू म्हणाली आणि मी तिला मॅडम म्हणायचं सोडून दिलं.

तिच्या संदर्भसूचीत जवळपास प्रत्येक पुस्तकापुढे पेन्सिलीची खूण होती. मी विचारलं ही कसली. ती म्हणाली, जे पुस्तक हातात घेऊन पाहिलं त्याची. माझ्या दुकानात आजवर आलेल्या सूचीत अशी खूण मी पाहिली नव्हती. सूचीचा दुसरा भाग चौदा बायांचा होता. नाव, वय, तांडा, तालुका, आणि कोणतं गाणं त्यांनी म्हटलं. तिची आई त्यात होती, दोन मावश्या होत्या, आणि झरी जामणीकडे दिलेली एक आत्याही होती, जिच्याकडे ती दोनदा जाऊन आली होती.

सरांनी या यादीवर लाल पेनाने रेघ मारली होती. त्यांचं म्हणणं, या काही संदर्भ नाहीत, यांना परिशिष्टात टाका. शिवाय त्यांनी विचारलं होतं, गाण्यांना शीर्षकं कुठं आहेत? लेंगीला शीर्षक नसतं, ती म्हणायची असते. सरांचा प्रश्न, शीर्षक नाही तर संदर्भ कसा देणार? मग हिने गाण्याची पहिली ओळ घेतली. सर म्हणाले, एकेरी अवतरणात टाका. टाकली. पुढच्या खेपेला म्हणाले, दुहेरी. हे सांगताना ती चिडली नव्हती. पोरांच्या वह्या तपासायची सवय असलेल्या माणसासारखी पुढची दुरुस्ती दाखवत होती.

सूचीत एकाच पुस्तकापुढे खूण नव्हती. कोणतं, ते सांगायला नको.

“काकू,” ती म्हणाली, “तुम्ही इतके प्रबंध टाइप केले. हे पुस्तक कोनापाशी पाह्यलं का कधी? अमरावतीले गेलती, नागपूरले गेलती. कोनत्याच ग्रंथालयात नाही.”

मी म्हटलं, नाही पाह्यलं. म्हणजे खोटं नव्हतं. पण त्या क्षणी मी बाकावर बसलेल्या त्या सगळ्या लोकांहून वेगळी नव्हते, हे मला कळलं. ती बॅग उचलून एसटी स्टँडकडे गेली आणि मी तिच्या गाण्यांची पानं लावत राहिले.

पुढच्या शनिवारी तिने आल्याआल्या सांगितलं की तिने त्या प्रकाशकांचा फोन शोधून काढला. म्हातारे गृहस्थ आहेत, दुकान मुलाने बंद केलं. ते म्हणाले, बाई, या नावाचं पुस्तक आम्ही छापलंच नाही. ‘बोली आणि लोकाचार’ छापलं होतं, पण ते दुसऱ्याच लेखकाचं.

मग मी तिला सांगितलं. राळेगावहून येणारे सर, मधला कागद, प्लॅस्टिकचं कव्हर, सगळं. बाइंडिंग उकलायचा मला कंटाळा आला हेही सांगितलं. तिने हातातली पानं बाकावर ठेवली. मला वाटलं आता रागावेल, आणि ते मला चाललं असतं.

“म्हंजे दोन वर्सं,” ती सावकाश म्हणाली, “मी तुमची चूक धुंडून राह्यलती.”

“हाव.”

“आन् त्याईले माहीत होतं?”

“त्याच दिवशी सांगतलं होतं मी.”

तिने पेन्सिल काढली आणि ती ओळ खोडली. मग म्हणाली, आता त्या दोन खऱ्या पुस्तकांची नावं सांगा. मी आठवून सांगितली, तिने लिहून घेतली आणि महिन्याभराने दोन्ही पाहून आली. दोघांपुढे खूण झाली.

ओळ खोडली हे सरांना पहिल्याच वाचनात दिसलं. सगळा प्रबंध न वाचणाऱ्या माणसाला तेवढी एक ओळ नसलेली बरोबर दिसली. त्यांनी तिला बोलावून सांगितलं की या विषयावरचा मूलभूत ग्रंथ तुम्ही गाळला. ती म्हणाली, सर, मला मिळाला नाही, तुमची प्रत द्याल का? सरांनी प्रत घरी शोधावी लागेल म्हणून सांगितलं. आणि चार दिवसांनी, कितीतरी वर्षांनंतर, ते स्वतः माझ्या दुकानात आले. बाकावर बसले नाहीत.

त्यांचं म्हणणं सोपं होतं. अंतिम प्रिंट काढताना मी सूचीत ती एक ओळ टाकायची. बाईंना सांगायची गरज नाही. त्यांच्याच भल्यासाठी, कारण बाहेरचे जे परीक्षक येणार आहेत त्यांनी स्वतः तो ग्रंथ वापरला आहे.

मी विचारलं, “सर, ते पुस्तक दिसते कसं? जाड आहे का?”

“मध्यम,” ते म्हणाले. “माझ्या प्रतीचं कव्हर फाटलेलं होतं.”

हे बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. मी इतकी वर्षं त्यांना लबाड समजत होते. त्या दिवशी वाटलं, लबाड माणसाला निदान आपण काय लपवतो ते माहीत असतं. यांना खरंच ती प्रत दिसत होती.

“मधलं पान फाइलीतच चिकटून राह्यलतं,” मी म्हटलं. “मी तुमाले तवाच सांगतलं होतं.”

त्यांनी गल्लीत कोणी ओळखीचं आहे का ते पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, “आता त्या गोष्टीचं काय बाई. इतक्या जणांनी वापरलं, म्हंजे पुस्तक आहेच ना.”

मी ओळ टाकणार नाही म्हणून सांगितलं. त्यांनी मान हलवली, जणू मी समासाबद्दल काही बोलले, आणि निघून गेले.

त्यानंतर त्यांनी तिचा प्रबंध तीनदा परत पाठवला. कारणं लेखी होती. पहिल्यांदा समास. दुसऱ्यांदा पुस्तकांची नावं ठळक केलीत, तिरपी हवीत. तिसऱ्यांदा तिरपी केलीत, पण तिरप्या नावानंतरचा स्वल्पविरामही तिरपा झाला. गाण्यांबद्दल, त्यांच्या अर्थाबद्दल, चौदा बायांनी काय सांगितलं त्याबद्दल एक अक्षर नाही. प्रत्येक वेळी ती पुसदहून यायची, आम्ही दोघी पडद्यासमोर बसून एकेक स्वल्पविराम सरळ करायचो. बायांची यादी तिने परिशिष्टात टाकली नाही. तिने विद्यापीठाची नियमावली मागवून वाचली, आणि मौखिक स्रोत सूचीत देता येतात ते पान सरांना दाखवलं. सरांनी ती नियमावली कधी उघडली नव्हती हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं, असं ती म्हणाली. चौथ्या वेळी सही झाली. परत पाठवायला कारण उरलं नव्हतं म्हणून झाली.

मौखिक परीक्षा कॉलेजच्या हॉलमध्ये होती, कोणीही येऊन बसू शकतं अशी. इतके प्रबंध टाइप करूनही मी कधी गेले नव्हते. त्या दिवशी दुकान बंद ठेवून गेले आणि मागच्या रांगेत बसले. परीक्षक तेच होते, ‘दुर्मीळ पण महत्त्वाचा’वाले. तिने अर्धा तास मांडणी केली, एक लेंगी म्हणूनही दाखवली. परीक्षकांनी प्रबंधाची शेवटची पानं उघडली. त्यांचा पहिला प्रश्न मला तिथे बसूनच माहीत होता. एवढा महत्त्वाचा ग्रंथ का गाळला?

ती टेबलाजवळ उभी होती, साडीचा पदर खांद्यावर घट्ट घेतलेला. आवाज शाळेतलाच होता.

“सर, तो ग्रंथ नाही. प्रकाशकांनी छापलेला नाही, कोणत्या ग्रंथालयात नाही. तुम्ही लेखात वापरला आहे, म्हणजे तुमच्याजवळ असेल. मला वाचायला द्या, मी सूचीत घालते.”

परीक्षकांनी सरांकडे पाहिलं. सरांनी छताच्या पंख्याकडे पाहिलं. हॉलमध्ये वीसेक माणसं होती, त्यांतले सहा-सात सरांचेच पदवीधर, ज्यांच्या प्रबंधांत ते पुस्तक पान क्रमांकासह होतं. त्यांच्यापैकी एकानेही मान वर केली नाही. परीक्षकांनी पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाले, बघून कळवतो. पुढचा प्रश्न त्यांनी होळीबद्दल विचारला, जो कोणीही विचारू शकला असता. पाऊण तासात सगळं आटोपलं आणि पदवीची शिफारस जाहीर झाली.

मग समोसे आले. सरांनी तिला गुच्छ दिला, फोटो काढून घेतला आणि चार शब्द बोलले. संशोधनातला काटेकोरपणा आपल्या विद्यार्थ्यांत कसा रुजवावा लागतो, याबद्दल. टाळ्या पडल्या. मी वाजवल्या नाहीत, पण उठूनही काही बोलले नाही. जे बोलायचं होतं ते तिने बोलून झालं होतं, आणि माझ्या बोलण्याने कोणी आपला प्रबंध उकलून पान बदललं असतं असं नाही.

सरांचे विद्यार्थी आता दुसऱ्या दुकानात जातात. मी शाळांचे पेपर आणि लग्नाचे बायोडाटा करते. बायोडाट्यात लोक वय खोटं सांगतात, पण निदान तळटीप देत नाहीत.

परीक्षा झाली त्या दिवशी मी तिच्यासोबत स्टँडपर्यंत गेले. पुसदची गाडी लागलेली होती, गर्दी नव्हती. तिने खिडकीची जागा धरली, गुच्छ मांडीवर ठेवला. मी खाली उभी राहून विचारलं, सरांचा राग नाही आला का, ते भाषण ऐकून?

“राग कायले, काकू,” ती म्हणाली. “मले झोप येऊन राह्यली.”

ड्रायव्हर चहा पिऊन यायच्या आधीच ती खिडकीच्या दांडीला डोकं टेकून झोपली होती. मी कंडक्टरला सांगितलं, बाईंना पुसदला उठवा, आणि परत दुकानाकडे आले.